नावं संपल्यावर

फूल उजवीकडून पडलं तेव्हा सुशीलाकाकींचे डोळे मिटलेले होते. पुजाऱ्यानं "उजवं पडलं, काकी" म्हटल्यावर त्यांनी ते उघडले आणि पद्मावतीपुढं डोकं टेकलं. जयसिंगपूरच्या आमच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, शुक्रवारी बायका देवीला कौल लावतात. मनातला प्रश्न देवीला सांगायचा आणि मूर्तीवर वाहिलेल्या फुलांकडं बघत बसायचं. उजवीकडचं फूल पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. काकींचा प्रश्न मनातला वगैरे नव्हता, सगळ्या देवळाला ठाऊक होता. दानोळीची मुलगी आपल्या अभिनंदनला करावी की करू नये?

अभिनंदन मागं खांबाला टेकून उभा होता. वय सत्तावीस, दूध संघात दुधाचं फॅट तपासायची नोकरी, दिसायला नीटनेटका आणि बोलायला मितभाषी. माझं माहेर त्यांच्याच गल्लीत, त्यामुळं तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून मी त्याला बघत आले होते. मी मिरजेत राहायची, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. त्या दिवशी आईला भेटायला आले होते आणि काकींनी मलाही देवळात ओढत आणलं होतं.

बायका काकींना शुभेच्छा देत होत्या, तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. बांबूवर काठी मारावी तसे चार ठोके. आणि नेमके तेच चार ठोके त्याच क्षणी खांबापाशी वाजले.

अभिनंदननं खिशात हात घालून फोन दाबला. मी पर्स दाबली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मला लांबूनही दिसला, आणि माझा काही फार चढला असेल असं नाही.

आता हे ठोके काय भानगड आहे ते सांगायला हवं.

थायलंडमध्ये अशा मालिका निघतात, ज्यांत दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात. जगभर त्यांना बीएल म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांच्या, एका मुलाची आई असलेल्या, चतुर्दशीला एकवेळ जेवणाऱ्या बाईनं त्या का बघाव्यात, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दवाखान्यातल्या एका नर्सच्या फोनवर एक भाग बघितला आणि गेले ती गेलेच. त्या मुलांच्या डोळ्यांत एकमेकांसाठी जी काळजी असते, तशी माझ्याकडं कुणी आयुष्यात बघितलेलं नाही, एवढं मात्र खरं.

अशा आम्ही नऊ-दहा जणी फोनवर जमलो होतो. मंडळाचं नाव होतं 'गोड शेवट'. ते सुरू केलं अकोल्याच्या नलूताईंनी. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळं परीक्षण म्हणजे गुणपत्रिका. अभिनय पंचवीसपैकी एकोणीस, कथा पंचवीसपैकी बारा, नायकाची आई पंचवीसपैकी पंचवीस. नांदेडच्या फरझानाचा शिवणक्लास होता, ती फक्त शर्टांवर लिहायची आणि त्यातून अख्खी मालिका उलगडून दाखवायची. कोण श्रीमंत, कोण गरीब, कुणाचा शर्ट कुणाच्या अंगावर कधी आला. मंडळाचा संदेश आला की सगळ्यांच्या फोनवर तेच चार ठोके वाजायचे. तो सूर नलूताईंनीच पाठवला होता आणि लावायची सक्ती केली होती.

पण सगळ्यांत सुंदर लिहायची ती निशिगंध. तिनं एकदा लिहिलं होतं, 'या मालिकांत कुणाला घरातून बाहेर काढत नाहीत. आई दोन भाग रुसते आणि तिसऱ्या भागात फळं कापून आणते. मी त्या फळांच्या ताटलीसाठी बघते.' त्यावर नलूताईंनी तिला शंभरपैकी शंभर दिले होते. निशिगंध कॉलेजात शिकणारी, चष्म्यातली, लाजाळू पोरगी असणार असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

ती निशिगंध खांबाला टेकून उभी होती.

देवळाबाहेर चपला घालताना तो माझ्याजवळ आला. काकी अजून आत बायकांत होत्या.

"त्या हेमा म्हणजे तुम्हीच काय, हेमाक्का?" त्यानं खाली बघत विचारलं.

"आणि तू निशिगंध."

त्यानं मान हलवली. मुलीचं नाव का घेतलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, पुरुष आहे कळलं असतं तर तुम्ही सगळ्या मोकळं बोलला नसता. मग म्हणाला की मोकळं बोलणं ऐकायला तरी मिळावं, एवढंच होतं. आम्ही देवळामागच्या पाण्याच्या टाकीकडं गेलो. तिथं कुणी नव्हतं.

"रविवारी दानोळीचे पाहुणे येणार हैत," तो म्हणाला. "सुपारी फोडायची. आईचं फूल तर उजवं पडलं."

"मग?"

"मग काय, अक्का. तुम्हाला कळलंय की."

मला कळलं होतं. दोन वर्षं त्याची परीक्षणं वाचत होते, न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. तरी ते शब्द त्याच्या तोंडून येऊ नयेत असं वाटलं, म्हणून मी पुढं विचारलं नाही. त्यानंही ते शब्द उच्चारले नाहीत.

त्याला घरी सांगायचं होतं. चार महिने तो रोज ठरवायचा आणि रोज जेवून उठायचा. आता दिवस उरले होते दोन. आणि म्हणून त्यानं स्वतःचा एक कौल लावला होता. त्या वेळी मंडळात एक मालिका चालू होती, तिला आम्ही आपसांत 'मिठागर' म्हणायचो. मिठागराच्या मालकाचा मुलगा थून आणि शहरातून आलेला इंजिनीअर क्राम यांची ती गोष्ट. बारावा म्हणजे शेवटचा भाग शनिवारी संध्याकाळी येणार होता.

"गोड झालं तर शनिवारी जेवताना आई-आप्पांना सांगणार," तो म्हणाला. "कडू झालं तर दानोळीला होय म्हणणार. मी सोता बघणार न्हाई. तुमचा शब्द येईल, तो कौल."

माझा शब्द म्हणजे असं. मंडळातल्या निम्म्या बायकांना वाईट शेवट सोसायचा नाही. फरझानाला एकदा अशा शेवटानं ताप आला होता. म्हणून शेवटचा भाग आधी मी बघायचा आणि मंडळात एकच शब्द टाकायचा, 'गोड' किंवा 'कडू'. बाकी काही सांगायचं नाही. गोड असेल तर सगळ्या बघायच्या, कडू असेल तर ज्यांची छाती असेल त्या. हे काम माझ्याकडं आलं ते माझ्या नोकरीमुळं. नलूताई म्हणाल्या, हेमाला रिपोर्ट आधी बघून तोंड सरळ ठेवायची सवय आहे.

आणि या कामात मी कच्ची नव्हते. थाई मालिकावाल्यांची एक खोड असते. सगळं आटोपलं असं वाटतं, पडद्यावर कलाकारांची नावं वर सरकायला लागतात, आणि नावं संपल्यावर दोन-तीन मिनिटांचा आणखी एक तुकडा येतो. कधी त्यात सगळं फिरतं. एका मालिकेत आम्ही सगळ्या नावांवरच उठलो होतो आणि नायक मेला म्हणून आठवडाभर सुतक पाळत होतो. तो पुढच्या तुकड्यात दारात उभा होता. तेव्हापासून मीच मंडळाला नियम घालून दिला होता, पंगतीतून मध्येच उठू नये तसं नावं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. नव्या बाईला मंडळात घेतलं की मी पहिल्यांदा हे बजावायची.

"येडा हैस काय?" मी अभिनंदनला म्हटलं. "कुणीतरी तिकडं बसून लिहिलेली गोष्ट. तिच्यावर तू आयुष्य लावणार?"

"आईचं फूल तरी कोण पाडतंय, अक्का? वाऱ्यानं पडतंय की."

"आणि त्या पोरीचं काय?"

"तिच्यासाठीच तर," तो म्हणाला. "सांगितलं न्हाई तर तिचं वाटोळं हाय. मला ठाऊक हाय. पर माझ्या एकट्याच्यानं होईना झालंय. कुणीतरी होय म्हटल्यागत पायजे."

त्याच वेळी मी त्याला सांगायला हवं होतं की बाबा रे, हा शब्द मी तुला देणार नाही, दुसरा कौल बघ, नाहीतर आत्ताच्या आत्ता चल, मी येते तुझ्याबरोबर. मी म्हटलं, "बघू की शनिवारी." खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. माझ्या एका शब्दावर कुणाचं काही अडलंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

काकींनी हाक मारली आणि तो गेला.

त्या दिवशी संध्याकाळी मंडळात अकराव्या भागावर रण माजलं होतं. त्या भागात थूनची आत्या त्याच्या आईला म्हणते की लग्न लावून द्या, लग्न झालं की सगळं ठीक होतं. नलूताईंनी आत्याला पंचवीसपैकी शून्य दिले. फरझाना म्हणाली, त्या बाईचा ब्लाउजच सांगतो ती कसली आहे. मीही मागं नव्हते. घरोघरी अशा आत्या बसल्यात, एका मुलाचं आणि एका मुलीचं अशी दोन आयुष्यं या एका वाक्यानं जातात, असं मी चांगलं पानभर लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. निशिगंधचं काहीच आलं नाही. नलूताईंनी दोनदा विचारलं, निशिगंध कुठं आहे, परीक्षण राहिलंय तिचं.

शनिवारी साडेसहाला मी स्वयंपाकघरात फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसले. यजमान बाहेर बातम्या बघत होते. इंग्रजी सबटायटल भागाबरोबरच आली होती.

थूननं बापाला सांगितलं. मिठागरात, भर उन्हात, बाप मीठ ओढत असताना. बाप थांबला नाही. मीठ ओढत पुढं गेला, वळला, परत आला, आणि मुलगा तिथं उभाच नसल्यासारखा त्याच्या बाजूनं निघून गेला. आईनं रात्री मुलाचं ताट वाढलंच नाही. पहाटे थून एका पिशवीनिशी बसमध्ये बसला. क्राम त्याला शोधत गावात येतो तेव्हा घरचे दार उघडत नाहीत. मग तीन वर्षांनंतर, शहरातली एक खोली, थून एकटा भात शिजवतोय. मीठ घालतो, चव बघतो आणि तसाच उभा राहतो. काळोख. गाणं लागलं. नावं सुरू झाली.

मी फोन उचलला आणि मंडळात 'कडू' असं लिहून पाठवलं. मग फोन पालथा घालून पीठ मळायला घेतलं.

पाऊण तासानं नलूताईंचा थेट फोन आला. त्या कधी फोन करायच्या नाहीत.

"हेमा, बाई, तू नावं संपेपर्यंत बघितलं ना?"

माझे हात पिठातच होते.

"कडू म्हणालीस म्हणून मी छातीला हात लावूनच बसली होती," त्या म्हणाल्या. "पण नावं झाल्यावर आहे ना पुढचं. त्याच्या दारावर थाप पडते. बाप उभा असतो, डोक्यावर मिठाचं पोतं. जेवलास का, विचारतो. आणि मागून तो क्राम जिना चढून येतो. बापानंच त्याला शोधून आणलं असते. मी तर ओक्साबोक्शी रडली. तू कशी काय चुकली?"

मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. हात न धुताच अभिनंदनला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. पाचव्या खेपेला सुशीलाकाकींनी उचलला.

"हेमा, तोंड गोड कर गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. "अभि होय म्हणाला. सोताहून म्हणाला बघ. आप्पांनी लगोलग दानोळीला कळवलं. उद्या तू यायचंस हं, तुझ्यावाचून व्हायचं न्हाई."

अभिनंदनला फोन द्या असं मी म्हणाले नाही. येते म्हटलं.

रविवारी सकाळी मी एसटीनं जयसिंगपूर गाठलं. दारात रांगोळी होती, ओट्यावर सतरंज्या झटकून घातल्या होत्या, आप्पा गेटात उभं राहून वाट बघत होते. पाहुणे यायला अर्धा-पाऊण तास होता. काकींनी मला मिठी मारली. अभि परसात आहे, त्याला म्हणावं आता आवर, असं त्याच म्हणाल्या.

तो हौदाच्या कठड्यावर बसला होता. अंगात नवा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला बघून उठला.

"अभि, गोड झालंय," मी म्हटलं. गाडीत जुळवून ठेवलेलं सगळं विसरून तेवढंच बाहेर आलं. "माझं चुकलं. नावं संपल्यावर होतं पुढं."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी बघितलं नंतर. राहवलं न्हाई."

"मग?"

"मग आईनं गल्लीत साखर वाटलीती तवर."

आतून भांड्यांचे आवाज येत होते. काकी कुणाला तरी पोह्यांवर खोबरं घालायला सांगत होत्या. तो बराच वेळ हौदातल्या पाण्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो घाबरलेला नव्हता. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो काहीतरी करायला तयार झालेला होता.

"अक्का, पाहुणे अजून यायचे हैत," तो म्हणाला. "आत्ता सांगतो. तुम्ही नुसत्या शेजारी बसा माझ्या. काय बोलू नका. आईला तुमच्याबद्दल लई माया हाय. तुम्ही शेजारी बसलेल्या दिसला तर ती निदान ऐकून तरी घेईल."

एवढंच मागणं होतं त्याचं. बसायचं.

मी हौदाकडं बघितलं. मग मी म्हटलं, "आज नको रे. घरात चार माणसं जमल्यात. आप्पांचं ब्लडप्रेशर हाय. नंतर निवांत सांग, काहीतरी मार्ग निघंल."

"नंतर कवा?"

त्याचे खांदे हळूहळू खाली आले. त्यानं शर्टाच्या बाहीचं बटण लावलं, काढलं, परत लावलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही कायम नावं संपस्तोवर बघता. आम्हाला बजावून सांगता. मग कालच का न्हाई बघितलंसा?"

"लॅबमधनं फोन आला," मी म्हटलं. "एका बाळंतिणीला रक्त लागत होतं. पळावं लागलं."

त्यानं मान हलवली. "मग काय इलाज न्हाई," म्हणाला. "तिचा जीव महत्त्वाचा. बरी हाय न्हवं ती?"

"बरी आहे," मी म्हटलं.

तो आत गेला. पाहुणे आले, सुपारी फुटली, मी सगळ्यांबरोबर पोहे खाल्ले. त्रिशला नाव मुलीचं. गव्हाळ, हसरी, बी.कॉम. झालेली. तिनं वाकून माझ्या पाया पडल्यावर मी तिला आशीर्वाद दिला.

आणि त्या शनिवारी लॅबमधून फोन आलाच नव्हता. कुठली बाळंतीण नव्हती, कसलं रक्त नव्हतं, यजमानांनी हाकसुद्धा मारली नव्हती. नावं सुरू झाली तेव्हा फोन माझ्यासमोर होता आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. बघता आलं असतं. पण काळोख झाला, गाणं लागलं आणि मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. आता तो सांगणार नाही. आता काकी विचारणार नाहीत की हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, आणि तो माझं नाव घेणार नाही. माहेरच्या गल्लीत मला तोंड लपवायला लागणार नाही. त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक होतं. लग्न झालं की होईल ठीक, असं मला वाटलं होतं. आदल्याच दिवशी ज्या वाक्यासाठी त्या आत्याला मी पानभर झोडपलं होतं, तेच वाक्य. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नावं संपल्यावर काहीतरी चांगलं येईल याची भीती वाटली, म्हणून मी तो फोन पालथा घातला.

निशिगंध त्या दिवसापासून मंडळात कधी काही लिहिती झाली नाही. महिनाभरानं नाव काढून घेऊन गेली. नलूताई अजून म्हणतात की ती पोरगी लग्न होऊन कुठं तरी अडकली असणार. मी आता शेवट आधी बघत नाही. ते काम नलूताईंकडं दिलं.

लग्नानंतर दीड वर्षानं त्रिशला लॅबमध्ये आली. एकटीच. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्यावर सात-आठ तपासण्या लिहिलेल्या. चिठ्ठी वाचल्यावर मला विचारायचं काही उरलं नाही. मूल होत नाही म्हणून सासूबाईंनी पाठवलंय, असं तिनं आपणहून सांगितलं. ती वाळली होती. मी दंडाला रबर बांधलं आणि शीर शोधायला लागले.

"अक्का," ती म्हणाली, "सुपारीच्या दिवशी आम्ही यायच्या आधी तुम्ही परसात ह्यांच्याशी बोलत होता. सासूबाई सांगत होत्या. काय बोलत होता?"

"काकींच्या तब्येतीचं," मी म्हटलं.

तिनं हात टेबलावर सरळ केला. मग अगदी हळू, शेजारच्या बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, "ते वाईट न्हाईत ओ. कवा ओरडत न्हाईत, आजारी पडले तर रात्रभर बसतात. नुसते जवळ येत न्हाईत. माझ्यात काय कमी हाय, एवढं तुम्हाला ठाऊक असलं तर सांगा. मी कुणाला बोलणार न्हाई."

सुई माझ्या हातात होती. त्या पोरीला तिच्या आयुष्याचं उत्तर देऊ शकेल असं, नवरा सोडला तर, दोन-चार कोसांत एकच माणूस होतं आणि ते तिच्यासमोर बसलं होतं.

"तपासणी होऊ दे," मी म्हटलं. "रिपोर्टमध्ये येतं सगळं."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तिच्यात काही कमी नव्हतं. माझ्या सहीचा तो कागद घेऊन ती सासरी गेली, आणि तिथून तीन महिन्यांनी दानोळीला, कायमची. तिला मूल होत नव्हतं म्हणून सोडली, असं गल्लीत अजून सांगतात. मी समोर असले तरी सांगतात.